आला त्याच आठवड्यात, जायचं कुठे ते बघ

प्रिय,

प्रभूच्या नावाने सलाम.

पुढच्या महिन्यापासून तू व्यसनमुक्ती केंद्रात राहायला जाणार, तिथल्या माणसांबरोबरच जेवणार-झोपणार, हे वाचून फार बरं वाटलं. संध्याकाळच्या उपासनेत काय घ्यावं असं तू विचारलंयस. त्याआधी एक गोष्ट मनात पक्की कर. माणूस दारात आला की त्याच आठवड्यात, हा इथून निघेल तेव्हा रात्री झोपेल कुठे, याच्या मागे लाग.

घर असलेला माणूस बरा होऊन घरी जातो. फुटपाथवरचा बरा होतो आणि फुटपाथवरच जातो. तिथे त्याला नावाने हाक मारणारे सगळे पावडरवालेच असतात. साक्षीच्या वेळी, म्हणजे माणूस सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगतो तेव्हा, बायबलातल्या उधळ्या मुलाचा दाखला हमखास निघतो: बापाचा पैसा उडवून डुकरं राखायची वेळ आली आणि शेवटी घरी परतला तो. पण तो मुलगा डुकरांतून उठला तेव्हा बाप जिवंत होता, घर होतं, वाट ठाऊक होती. तुझ्याकडे येणाऱ्याचा बाप वारलेला असतो. चाळ पाडून तिथे टॉवर उभा असतो, खोली भावाने नावावर करून घेतलेली असते. बायको मुलांना घेऊन माहेरी गेलेली असते, आणि तिच्या दारात उभं राहायला त्याला तोंड नसतं. दाखल्यातलं घर आपल्यालाच उभं करायचं आहे.

मुंबईत हे काम जुनं आहे. मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी, इथे १८८२ साली आली. वांद्र्याला माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली व्यसनमुक्तीसाठी कृपा फाउंडेशन सुरू केलं आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, बारा पायऱ्यांच्या जोडीला योगासनं आणली. ते स्वतः योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. चर्चमध्ये योगासनांना जागा होऊ शकते, तर तुझ्या केंद्रात डॉक्टरला सगळ्यात आधी जागा हवी.

हे मी जरा सविस्तर लिहितो, कारण यात जीव जातात. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली की पहिल्या-दुसऱ्या दिवशी फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींचं अंग थरथरू लागतं, ताप चढतो, भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलायला येतात. अशा वेळी कुणी भाविक बंधू डोक्यावर हात ठेवून भूत काढायला बसतो. त्याला प्रेमाने बाजूला कर आणि लगेच गाडी बोलाव. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते. गर्द, म्हणजे हेरॉइनची पावडर, बंद केल्यावर जी तडफड होते, जिला टर्की म्हणतात, ती वेगळी. नाक-डोळे वाहतात, हाडं ठणकतात, जुलाब होतात, माणूस गयावया करतो. एरवी धडधाकट असेल तर जीव सहसा जात नाही, पण त्यावरही औषधं आहेत आणि ती न देता त्याला तसंच तळमळत ठेवण्यात कसलीही भक्ती नाही. केईएम रुग्णालयात व्यसनमुक्तीचा विभाग आहे. तिथल्या डॉक्टरांशी आधीच ओळख करून घे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा व्यसनाच्या रुग्णांनाही लागू होतो आणि साखळीने बांधायला त्यात साफ मनाई आहे, हेही वाचून ठेव.

पहिल्या काही रात्री तुला दिसेल, पलंगावर स्वच्छ उशी असते तरी माणूस चपला डोक्याखाली घेऊन झोपतो. फुटपाथवर चप्पल चोरीला जाते, म्हणून ही सवय. जेवताना एखादी चपाती शर्टाच्या आत जाते. बघून न बघितल्यासारखं कर. ज्या सकाळी चपला पलंगाखाली दिसतील, त्या सकाळी आधारकार्डाचा, बँक खात्याचा, सुटलेल्या कामाचा विषय काढ. तोवर तो कुठल्याच प्रश्नाचं खरं उत्तर देणार नाही.

आता उपासनेचं. गाणी मराठीच घे, ढोलकी-पेटीवर, सगळ्यांना म्हणता येतील अशी. पण उपासनेला न बसणाऱ्याच्या ताटात काही कमी पडता कामा नये. गळ्यात तुळशीची माळ असेल तर ती तशीच राहू दे, रोजा असेल तर पहाटेचं जेवण ठेव. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढे ते पुण्याला गेलं, आणि १८९३ साली धर्मांतराच्या वादावरून रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. लोकांच्या मनातला तो संशय अजून मेलेला नाही. पण माझं कारण त्याहून जवळचं आहे. पलंग टिकावा म्हणून जो ‘हालेलुया’ म्हणतो, तो तुला काल रात्री तलफ आली होती हे कधीच सांगणार नाही. निघायच्या दिवसापर्यंत तो आपल्याला बरा वाटत राहील. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत कुणाला साक्षीसाठी मंचावरही चढवू नकोस.

काम शोधताना रोजच्या रोज रोख हातात पडणारं काम सुरुवातीला टाळ. संध्याकाळची पाचशेची नोट थेट अड्ड्यावर जाते. केटरिंगमध्येही लग्नाच्या हॉलमागे बाटल्या फिरतात. महिन्याने खात्यात पगार देणारं काम बघ, मग ते सोसायटीतलं झाडूचं का असेना. तिघा-चौघा बऱ्या झालेल्यांनी मिळून खोली घ्यावी, आणि ती एएच्या मीटिंगपासून चालत जाता येईल अशी असावी.

आणखी एक गोष्ट त्याला स्पष्ट सांग. महिनोन् महिने गर्द न घेतलेलं शरीर जुनं माप सोसत नाही. बाहेर गेल्यावर एकदाच, पूर्वीइतकीच घेतली, तरी श्वास बंद पडू शकतो. असं सांगणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं काही पाळकांना वाटतं. तरी सांगच. आणि घेतलीस तर लपून राहू नकोस, आम्हाला फोन कर, हेही त्याच दमात सांग. रात्री अकरानंतर तो फोन कोण उचलणार, हे केंद्रात ठरलेलं असू दे.

ट्रस्टींच्या पहिल्याच बैठकीत विचार की खोलीच्या डिपॉझिटसाठी ते दरवर्षी काही रक्कम बाजूला काढणार का. नव्या इमारतीच्या फंडातून थोडी काढली तरी चालेल. नाही म्हणाले तर मला कळव, आपण दोघं जाऊन भेटू त्यांना.

तुझा,
काका