फोनवर "बरी आहे" म्हणणाऱ्या मुलीस

प्रिय बाळ,

काल फोनवर तू तीनदा "बरी आहे मॅडम" म्हणालीस. तिसऱ्या वेळी आवाज इतका खाली गेला की मला रात्रभर झोप लागली नाही. नडगीच्या हाडाला बारीक चीर आहे, सहा आठवडे पळायचं नाही, हे मला तुझ्या रूममेटकडून कळलं. आईला अजून सांगितलं नाहीस ना?

एक विचारते, लाजू नकोस. पाळी नियमित येते का? मी सोळाची असताना चार महिने आली नव्हती. बरंच झालं, सरावात खंड नाही, असं वाटायचं. हॉस्टेलवर वजनाची भीती घातलेली, म्हणून रात्री एकाच भाकरीवर उठायचे. सांगायचं कोणाला? मैदानावर सगळे पुरुष. पळणं भरपूर आणि खाणं अपुरं असलं की शरीर पाळी थांबवतं, हाडंही कमकुवत होतात, हे मला पाय मोडल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावलं. तुझ्या बाबतीत तसंच असेल असं नाही, पण याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. एकटी जाऊ नकोस, रूममेटला ने.

आणि खोलीत बसून राहू नकोस. सकाळी ग्राउंडवर जा, स्टॉपवॉच हातात घे, पोरींच्या लॅप मोज. दुखापतीत पायापेक्षा ग्रुपमधून तुटण्याचा त्रास जास्त होतो; मी तो भोगलाय. आईला मात्र आजच सांग. ती घाबरेल, रडेल, कदाचित परत ये म्हणेल. म्हणू दे. तिच्यापासून लपवून तू रोज एकटीच ओझं वाहतेस.

खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकलं, हे तुला पाठ आहे. त्यांना तिथे जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले होते. एवढा मोठा पैलवान, त्यानेही मदत मागितली आणि घेतली. तू कोणाकडे काही मागितलंस की तुला कमीपणा का वाटावा?

रात्री फारच जड झालं आणि मी फोन उचलला नाही, तर 14416 लाव. टेली मानस, म्हणजे मन जड झालं की बोलायच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

रविवारी येतेय. शेंगदाण्याचे लाडू आणते. टायमिंगचं एक अक्षर विचारणार नाही.

तुझी,
मॅडम