आधी रस्त्यावर उभं राहून बघ

प्रिय दोस्ता,

पत्र मिळालं. यंदा नाताळला घरावर रोषणाई करायची, पिक्सेलच्या, म्हणजे प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येतो अशा माळा आणायच्या, गाण्यावर दिवे नाचवायचे, सगळं मनात पक्कं दिसतंय. मध्येच एक ओळ मात्र घाईत लिहिल्यासारखी आहे: ‘एवढा खटाटोप करून त्यात अर्थ काय, कळत नाही.’ त्या ओळीपासूनच सुरुवात करू. माळा आणण्याआधी तिचं उत्तर हाताशी असलं की किती दिवे, कुठे आणि कसे, हे आपोआप ठरत जातं.

एक काम आजच कर. अंधार पडला की घरातले दिवे नेहमीसारखे ठेवून बाहेर जा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझं घर पहिल्यांदा जिथून दिसतं, तिथे उभं राहा. पाच मिनिटं नुसतं बघ. मग फोटो काढ, मोठा छापून घे आणि पांढऱ्या पेनाने त्यावर दिवे काढून बघ. रोषणाई घरमालकाला सगळ्यात कमी दिसते; तो आत असतो. ती दिसते तीन जणांना. गाडीतून जाणाऱ्याला पाच-सात सेकंद. पायी जाणाऱ्याला, विशेषतः लहान मुलाचा हात धरून चालणाऱ्याला, मिनिटभर. आणि समोरच्या घरातल्या माणसाला रोज चार तास, सलग पाच आठवडे. या तिसऱ्या माणसाचा विचार बहुतेक जण करत नाहीत, आणि माझ्या मते रोषणाईचा कस तिथेच लागतो. त्याच्या झोपायच्या खोलीवर भगभगणारा पांढरा झोत येत असेल, तर बाकीचं कितीही सुंदर असलं तरी ते बिघडलेलंच.

फोटोवर दिवे काढताना अंधार कुठे ठेवायचा तेही आखून घे. विजेच्या दिव्यांचं पहिलं नाताळझाड १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांच्या घरी लागलं. हाताने जोडलेले लाल, पांढरे, निळे असे एकूण ८० दिवे. झाड मोटरवर फिरायचं आणि प्रत्येक फेऱ्यात दिवे विझून पुन्हा लागायचे. आज ८० दिवे एका खिडकीलाही कमी वाटतात, पण ते विझणं मला फार महत्त्वाचं वाटतं. सगळं सारखंच उजळलं की डोळा कुठेच थांबत नाही. घराची एक कड, एक झाड, एक खिडकी एवढंच निवड आणि बाकीचं काळं राहू दे.

पहिल्या वर्षी छपराची कड कर. मोजपट्टी लावून खरं माप घे, अंदाज नको. कड १२ मीटर असेल आणि दिवे ३० सेंटिमीटरवर असतील तर ४० दिवे लागतात. तार मात्र १० टक्के जास्त धर, कारण कोपऱ्यात आणि खाली उतरताना ती खर्ची पडते. प्रत्येक दिव्याला पन्हळीवर बसणारी प्लास्टिकची क्लिप हवी. दोन दिव्यांमागे एक क्लिप लावली की मधला दिवा वाऱ्याने वाकडा होतो, आणि रस्त्यावरून तो एकच वाकडा दिवा दिसत राहतो. स्टेपल किंवा खिळा अजिबात नको. तारेचं आवरण चिरलं तर ते लावताना कळत नाही, पहिल्या पावसात कळतं. पांढरे दिवे घेणार असशील तर सगळे एकदम आणि एकाच खोक्यातले घे. केल्विन हे प्रकाशाच्या छटेचं माप; २७०० केल्विनचा पिवळसर पांढरा आणि ४००० चा त्याहून थंड पांढरा शेजारी आले की कड मध्येच तुटल्यासारखी दिसते. पुढच्या वर्षी ‘तसलेच’ मिळतील यावर विसंबू नकोस, दोन माळा जादा घेऊन ठेव.

घरात कुणाच्या जुन्या तापणाऱ्या दिव्यांच्या माळा असतील तर टाकू नकोस, पण त्यांचं वागणं समजून घे. मोठा जुना दिवा ७ वॅटचा, म्हणजे २५ दिव्यांची माळ १७५ वॅट. एलईडीत तोच दिवा एका वॅटच्या आत बसतो. बारीक दिव्यांच्या माळेत दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि प्रत्येक दिव्याच्या पोटात एक छोटी पर्यायी वाट असते. तंतू तुटला की वीज त्या वाटेने पुढे जाते, म्हणून एक दिवा गेला तरी माळ चालू राहते. पण गेलेल्या दिव्याच्या वाटणीचा विजेचा दाब (व्होल्टेज) उरलेल्यांवर पडतो, ते जास्त तापतात आणि एकामागून एक जायला लागतात. म्हणून गेलेला दिवा त्याच संध्याकाळी बदल. आणि माळेचा एक अख्खा भाग एकदम अंधारला तर बहुतेक वेळा एखादा दिवा खोबणीत सैल झालेला असतो. ती पर्यायी वाट दिव्यातच आहे, दिवाच टेकला नाही तर वाटही नाही.

आता पिक्सेल. तुझा जीव त्यातच अडकलाय, म्हणून इथे जरा थांबतो. साध्या माळेत वीज आली की सगळे दिवे लागतात. पिक्सेलच्या माळेत प्रत्येक दिव्याला स्वतःची चिप असते. ती आलेल्या माहितीतून आपला रंग काढून घेते आणि उरलेली माहिती पुढच्याला देते. डब्ल्यूएस२८११ जातीच्या चिपला एका दिव्याची माहिती द्यायला साधारण ३० मायक्रोसेकंद लागतात. १६ दोऱ्या, प्रत्येकीत ५० दिवे असं झाड केलंस तर ८०० दिवे होतात, आणि एका तारेवरून त्या सगळ्यांना माहिती पोचायला २४ मिलिसेकंद. सेकंदाला ४० चित्रं, म्हणजे एकाला २५ मिलिसेकंद; जेमतेम बसतं. त्याहून मोठं काही करायचं असेल तर कंट्रोलरचे, म्हणजे दिव्यांना माहिती पाठवणाऱ्या डब्याचे, दोन पोर्ट वापर.

माहिती सहसा अडत नाही, वीज अडते. पूर्ण पांढऱ्या रंगात एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे ५० दिवे ३ अँपिअर. कंट्रोलर १० मीटर लांब ठेवलास आणि ०.७५ चौरस मिलिमीटरची तार वापरलीस, तर जाऊन-येऊन २० मीटर तार होते आणि वाटेतच जवळजवळ १.४ व्होल्ट गळतात. ५ व्होल्टच्या माळेला ३.६ च मिळाले तर ती रडणारच. १२ व्होल्टच्या माळेला मात्र १०.६ मिळतात आणि तिचं भागतं. म्हणून बाहेरच्या कामाला १२ व्होल्ट घे, वीज जास्त जळली तरी.

दाब कमी पडतोय हे मीटर न लावताही ओळखता येतं. सगळी माळ पांढरी कर आणि शेवटचे दहा दिवे बघ. ते पिवळट, मग नारिंगी, मग चक्क लालसर होत गेलेले दिसतील. निळ्या आणि हिरव्या एलईडीला लागायला लाल एलईडीपेक्षा जास्त दाब हवा असतो, म्हणून दाब उतरला की निळा आधी दमतो आणि लाल शेवटपर्यंत तग धरतो. उपाय म्हणजे माळेच्या दुसऱ्या टोकालाही वीज देणं. तिथे दुसरा पॉवर सप्लाय (घरातली वीज माळेच्या व्होल्टवर आणणारा डबा) लावणार असशील तर दोघांच्या ऋण तारा एकत्र जोड, धन तारा मात्र कधीही नाही. दुसऱ्या सप्लायपासून पुढच्या भागाची धन तार मध्ये कापून वेगळी कर. ऋण तारा एकत्र नसल्या की माहितीला आधार राहत नाही आणि दिवे वेड्यासारखे चमकतात. दिव्यांत दोष शोधत बसण्याआधी ही जोडणी तपास.

आणि सगळे दिवे ३० टक्के तेजावरच चालव. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला ते भरपूर होतं. तुझ्या ८०० दिव्यांचं १२ व्होल्टवर पूर्ण पांढऱ्यात ५७६ वॅट होतात, ३० टक्क्यांवर साधारण १७३. मग ३५० वॅटचा एकच सप्लाय पुरतो, आणि त्याच्यावर ८० टक्क्यांहून जास्त, म्हणजे २८० वॅटच्या वर, भार टाकायचाच नाही. पण ही मर्यादा सॉफ्टवेअरमधली आहे. चुकून १०० टक्के गेलं तर हा सप्लाय पुरणार नाही. आणि कुठे तारा एकमेकींना चिकटून शॉर्ट झाल्या तर फ्यूज उडायला हवा, तार तापायला नको. म्हणून ५० दिव्यांच्या प्रत्येक फाट्याला ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज बसव.

माळ तेविसाव्या दिव्यापासून पुढे बंद पडली तर दोष तेविसाव्याच्या तोंडाशी असतो, नाहीतर बाविसाव्याच्या शेपटीशी. आधी तेविसावा बदल. तरी लागलं नाही तर बाविसावा. बाकी माळेला हात लावू नकोस.

पाण्याचं सांगतो. प्लगच्या जोडाला चिकटपट्टी गुंडाळायचा मोह होईल, गुंडाळू नकोस. पट्टी पाणी आत येऊ देते, बाहेर जाऊ देत नाही. चार आठवड्यांनी असा जोड उघडून बघितलास तर प्लगच्या पितळी पिनांवर हिरवी भुकटी दिसेल आणि पट्टीच्या घडीत पाण्याचा थेंब तसाच बसलेला असेल. जोड जमिनीपासून वर टांग, तोंड खाली कर, आणि तार जोडाच्या खालून वळसा घेऊन वर येईल अशी ठेव, म्हणजे ओघळ वळशाच्या तळाशी येऊन गळतो. सगळं विजेची गळती ओळखणाऱ्या सुरक्षा स्विचमागेच जोड. तो वारंवार पडत असेल तर त्याला वळसा घालून वीज देऊ नकोस. एकेक माळ काढून बघ, ओली माळ सापडते.

शिडीचा पाया भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर, वरचं टोक कडेच्या मीटरभर वर, खाली एक माणूस. वारा असेल तर काम उद्या.

गाण्याबद्दल. एक्सलाइट्स हे गाण्यावर दिवे बसवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि शिकण्यासारखं आहे. तीन मिनिटांच्या गाण्याला सुरुवातीला कित्येक संध्याकाळी जातील. प्रत्येक ठोक्याला दिवा उडवायचा नाही. शब्द जिथे श्वास घेतात तिथे सगळं विझव, दोन सेकंद काहीच नको, मग एकच खिडकी. तिथेच मुलं बोलायची थांबतात. आणि गाणं ठरलेल्या वेळी दोनदा, बाकी वेळ स्थिर दिवे. समोरच्यांना त्या वेळा आधीच जाऊन सांग.

अर्थाचं विचारलंस, तर मी तुला वेळ पाळायला सांगेन. नाताळच्या आधीचे चार रविवार वाट पाहण्याचे मानतात. हिरव्या पानांच्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती वाढवतात. तुझं घरही तसंच लाव. पहिल्या रविवारी, जो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्ये येतो, फक्त खिडकीतला एक दिवा. दुसऱ्या रविवारी छपराची कड. तिसऱ्याला झाड. चौथ्याला वरचा तारा. सगळं आधीच टांगून, तपासून ठेवलेलं असेल, पण लागेल एकेक करून. रोज त्या रस्त्याने जाणारा माणूस पुढचा रविवार मोजायला लागतो, त्यालाही वाट पाहायला काहीतरी मिळतं. ही भेट कोण घेऊन जातो ते तुला बहुतेक कधीच कळणार नाही. दवाखान्यातून उशिरा घरी परतणाऱ्याला साडेसहाला लागणारा दिवा साडेसहालाच लागलेला दिसायला हवा. म्हणून टायमर चांगला घे. रात्री साडेदहाला बंद, रोज, शनिवारीही. आणि हंगामासाठी ५० दिव्यांची एक माळ, एक सप्लाय, दहा फ्यूज आणि चार जोड खोक्यात तयार ठेव, म्हणजे २३ तारखेला काही गेलं तर २३ लाच दुरुस्त होईल.

६ जानेवारीनंतर कोरडा दिवस बघून उतरव. माळा हातावर गुंडाळू नकोस, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर किंवा रिळावर गुंडाळ, प्लगचं टोक बाहेर ठेवून. प्रत्येकीला चिठ्ठी: कुठली कड, डावीकडून कितवी, सुरुवात कुठून. कुठला जोड ओला सापडला, कुठली क्लिप तुटली, समोरचे कशाबद्दल बोलले, तेही त्याच खोक्यात कागदावर लिहून ठेव. केबल टाय कापताना पक्कड तारेला समांतर धर.

कडेचं माप आणि रात्रीचा तो फोटो पाठव. त्यावर कुठे अंधार ठेवायचा ते आपण मिळून आखू.

तुझा,
एक जुना दिवेवाला