पुदुच्चेरीचं स्मारक आणि आपलं 'धारातीर्थ'

पुदुच्चेरीला समुद्रालगतच्या रस्त्यावर फ्रेंचांनी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी बांधलेलं, 1938 साली अनावरण झालेलं स्मारक आहे. त्यावरच्या ओळीत या सैनिकांना 'शहीद' म्हटलंय की 'हुतात्मा', आणि मराठीत काय लिहावं, असा प्रश्न आहे.

दोन्हींपैकी काहीच म्हटलेलं नाही. ओळ आहे 'ओ काँबातां देझँद फ्राँसेझ मोर पूर ला पात्री'. म्हणजे 'फ्रेंच हिंदुस्थानातल्या, देशासाठी मरण पावलेल्या लढवय्यांना'. 'मोर' म्हणजे मृत, आणि आपला 'मृत' नि त्यांचा 'मोर' मुळात एकाच धातूचे. शहीद अरबी, हुतात्मा सावरकरांचा. त्यांवर भरपूर लिहून झालंय.

मला बोलायचंय ते 'धारातीर्थी'बद्दल, कारण या स्मारकाच्या मराठी वर्णनांत हटकून तोच येतो आणि हल्ली तो कुठेही चिकटवला जातो. जीप दरीत कोसळली, 'जवान धारातीर्थी'. त्याहून वाईट म्हणजे 'धारातीर्थी झाले'. अहो, 'धारातीर्थी' ही सप्तमी आहे, घरी-दारीसारखी! माणूस 'घरी झाला' म्हणतो का आपण? धारातीर्थी पडतात. अपघातात गेलेल्या जवानाचं मोल तसूभरही कमी नाही, पण त्याच्यासाठी हा शब्द नव्हे.

शब्द काय सुरेख आहे बघा. धारा म्हणजे शस्त्राची धार. तीर्थ 'तॄ' धातूपासून, म्हणजे तरून जाणं. उतार, अवतार, तारू, तीर्थंकर ही सगळी त्याचीच भावंडं. तीर्थ म्हणजे मुळात देऊळ नव्हे, नदीचा उतार. जिथून पाण्यात पाय घालून पलीकडे जाता येतं ती जागा. तेव्हा तलवारीची धार हाच उतार, आणि वीर तिथून पार होतो. त्यात मराठीत पाण्याचीही धार आणि तलवारीचीही धारच! हा श्लेष योगायोगाने पडलेला नाही, शब्द घडवणाऱ्याने तो जाणून साधलाय, असं माझं ठाम मत आहे. 'पडणे' हे क्रियापदसुद्धा मला नुसतं कोसळणं वाटत नाही. त्यात तीर्थात अंग टाकणं आहे.

'रक्ताच्या धारांचं तीर्थ' असा अर्थ व्याख्यानांतून छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की समासात रक्त कुठे आहे? संस्कृतात 'असिधारा' आहे, 'असिधाराव्रत' आहे, तिथे धार तलवारीचीच. जे शब्दात नाही ते भावनेच्या भरात ओतायचं, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

आता स्मारकाकडे. पुदुच्चेरी, कारैकल, माहे, यानम, चंदननगर या पाच वसाहतींचा मिळून फ्रेंच हिंदुस्थान होता. ओळीत 'मोर' हा साधा शब्द आहे. 'फ्रान्ससाठी मृत' हा दर्जा तिकडे 2 जुलै 1915 च्या कायद्याने आला, आणि त्यात लढाईत पडलेल्यांबरोबर सेवेत जडलेल्या आजाराने गेलेलेही धरले. शिलालेखावर दर्जाचे नेमके शब्द नाहीत, तिथे 'देशासाठी' आहे. पण 'मोर'चा आवाका तसाच मोठा. तिथे 'धारातीर्थी' लिहिलं की इस्पितळात खंगून गेलेला सैनिक तुम्ही ओळीतून वगळलात. म्हणून 'मरण पावलेल्या' हेच ठेवा. शिवाय 'काँबातां'ला 'जवान' करू नका, 'लढवय्ये' म्हणा.

फ्रेंचांत 'मोर ओ शाँ दोनर' असाही एक वाक्प्रयोग आहे, मानाच्या रणात मेलेला. तो कुठे कोरलेला दिसला, तर तिथे खुशाल लिहा: धारातीर्थी पडला.