सहा समभुज त्रिकोण जोडून षटकोनी पिरॅमिड का उभा राहत नाही?

कागदाचा षटकोनी पिरॅमिड करताना जोडलेले सहा समभुज त्रिकोण उभेच राहिले नाहीत, असं तुम्ही विचारलंत. तुमची कापाकापी चुकलेली नाही. ६ सेमी बाजूचा सुसम षटकोन घेतला आणि त्याच्या प्रत्येक बाजूवर ६ सेमीचा समभुज त्रिकोण जोडला, तर त्रिकोण आत दुमडल्यावर ते पायावर सपाट बसणारच. कितीही काटेकोर कापले तरी तेच होईल.

पिरॅमिडच्या शिखरापासून पायाच्या केंद्रापर्यंत सरळ खाली लंब टाका. मग ते केंद्र पायाच्या एका कोपऱ्याला जोडा. शिखरापासून त्या कोपऱ्याकडे उतरणारी तिरपी कड धरून हा काटकोन त्रिकोण होतो आणि कड हा त्याचा कर्ण असतो. कर्ण सर्वांत लांब, म्हणजे केंद्रापासून कोपऱ्यापर्यंतच्या अंतरापेक्षा कड मोठी असलीच पाहिजे. सुसम षटकोनात हे अंतर नेमकं बाजूएवढं असतं. तुमची कडही ६, अंतरही ६, मग पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे उंची शून्य. सप्तकोन घेतलात तर अंतर बाजूच्या १.१५ पटींहून थोडं जास्त भरतं, त्यामुळे त्रिकोणांची टोकं केंद्रापर्यंत पोचतच नाहीत.

म्हणून समभुज त्रिकोणांनी फक्त तीन, चार किंवा पाच बाजूंच्या सुसम पायावरच पिरॅमिड उभा राहतो. बाजू ६ सेमी धरली तर त्यांची उंची अनुक्रमे सुमारे ४.९, ४.२४ आणि ३.१५ सेमी येते. पाया जितका पसरट, तितकं शिखर खाली. (यातले चौरस पायाचे दोन पिरॅमिड पायाला पाया लावून जोडले की अष्टफलक तयार होतो, जरूर करून बघा.) ‘शिखराशी सहा वेळा ६० अंश म्हणजे ३६० झाले, म्हणून सपाट’ हेही स्पष्टीकरण बरोबरच आहे. पण मला कर्णाचा हिशेब जास्त आवडतो, कारण उंची किती हेही त्यातूनच कळतं.

पिरॅमिड म्हटलं की समभुज त्रिकोणच डोळ्यांसमोर येतात, पण गीझाचा मोठा पिरॅमिडही तसा नाही. पायाची बाजू सुमारे २३० मीटर आणि मूळ उंची सुमारे १४६.६ मीटर, यावरून तिरपी कड साधारण २१९ मीटर येते. बाजूपेक्षा कमीच.

आता तुमचं मॉडेल. षटकोन ६ सेमीचाच राहू द्या आणि उंची ८ सेमी ठरवा. ६ आणि ८ चा कर्ण १०, म्हणजे ६, १०, १० सेमी बाजूंचे सहा समद्विभुज त्रिकोण कापा. आकडे सुटसुटीत यावेत म्हणून मी मुद्दाम ८ घेतले, तुम्ही दुसरी कुठलीही उंची घेऊ शकता.

एका ठिकाणी मात्र हमखास गफलत होते. पिरॅमिडची उंची ८ हवी म्हणून कागदावर त्रिकोणाचीच उंची ८ आखली जाते. त्रिकोणाची उंची ही पिरॅमिडची तिरकस उंची असते आणि इथे ती √९१, म्हणजे सुमारे ९.५४ सेमी हवी. ८ आखलीत तर पिरॅमिड जेमतेम ६.०८ सेमी उंच होईल. त्यापेक्षा कंपासमध्ये १० सेमी अंतर घ्या, पायाच्या बाजूच्या दोन्ही टोकांवरून कंस मारा आणि ते छेदतील तिथे त्रिकोणाचं टोक धरा. तिरकस उंची मोजायची गरजच पडणार नाही.