सीपीआर २५ मिनिटं चालला, आता बाळ एक्मोवर आहे: आशा किती धरायची?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. भाचा तीन महिन्यांचा, जन्मापासून निळा पडणारा. फुप्फुसांना रक्त पुरवण्यासाठी शंट (बारीक नळी) बसवला. ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री आयसीयूत हृदय थांबलं, २५ मिनिटं सीपीआर दिला (छाती दाबत राहिले) आणि शेवटी एक्मोवर, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम शरीराबाहेरून करणाऱ्या मशीनवर घेतलं. दहा मिनिटांपुढे सीपीआरचा काही उपयोग नसतो असं तुम्ही कुठेतरी वाचलंत. आता घरात निम्मे लोक म्हणतात 'हाल करू नका', निम्मे म्हणतात 'काहीही करा पण वाचवा'. कुणाचं दुर्लक्ष झालं का, हेही तुम्ही विचारलंत.

मी लहान मुलांच्या हार्ट आयसीयूत बरीच वर्षं सिस्टर आहे. डॉक्टर नाही, आणि बाळाची फाइलही माझ्यासमोर नाही, त्यामुळे वाचेल की नाही हे मी सांगणार नाही. पण ज्या दहा मिनिटांची तुम्ही धास्ती घेतली आहे, ती या बाळाला लागू नाहीत.

हृदय कुठे थांबलं, यावर अर्धं गणित ठरतं. अमेरिकेची २०१५ची आकडेवारी बघा. हॉस्पिटलबाहेर हृदय थांबलेल्या मुलांपैकी ११.४ टक्के जगून घरी गेली, त्यातही तान्ह्या बाळांमध्ये पाच टक्क्यांच्या आतच. त्याच वर्षी हॉस्पिटलमध्येच अरेस्ट झालेल्या, म्हणजे हृदय थांबलेल्या मुलांपैकी ४१ टक्के जगून घरी गेली. आयसीयूत श्वासाची नळी आधीच घातलेली असते, रक्तवाहिनीत लाइन लावलेली असते, मॉनिटरवर कुणाची तरी नजर असते आणि पहिला दाब काही सेकंदांत पडतो. घरी बेशुद्ध सापडलेल्या बाळाचं हृदय नेमकं कधी थांबलं हेच कुणाला माहीत नसतं.

दुसरी गोष्ट ऐकून लोक चकित होतात. ज्यांचं हृदयच आजारी, त्यांची अवस्था सगळ्यात वाईट असणार असं वाटतं ना? २०११ साली अमेरिकेतल्याच नोंदींवरून एक मोठा अभ्यास आला. हॉस्पिटलमध्ये अरेस्ट झालेल्या मुलांपैकी हृदयाचं ऑपरेशन झालेली ३७ टक्के वाचली, हृदयरोग असलेली पण ऑपरेशन न झालेली २८ टक्के, आणि बाकीच्या आजारांची २३ टक्के. ऑपरेशननंतरच्या अरेस्टला पुष्कळदा दुरुस्त करता येणारं कारण असतं: शंटमध्ये गुठळी, हृदयाभोवती साचलेलं रक्त, बिघडलेली लय. छाती नुकतीच शिवलेली असते, त्यामुळे सर्जन पलंगावरच टाके काढून आत हात घालू शकतात. हृदयाचा स्नायूच निकामी होत चाललेला असेल तर असं पकडायला काही सापडत नाही, म्हणून ती मुलं मागे पडतात.

आता मिनिटांकडे येऊ. २०१३ साली सुमारे ३,४०० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या १५ मिनिटांत दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण दोन टक्क्यांनी घसरत होती. ३५ मिनिटांपेक्षा जास्त सीपीआर लागलेल्यांतही ती १२ टक्के उरली होती. १२ म्हणजे फार नाही, पण शून्यही नाही. आणि त्यातही हृदयाचं ऑपरेशन झालेली मुलं सगळ्यात पुढे होती. वेळ वाढली की नुकसान वाढतं हे खरंच, पण अमुक मिनिटाला दार बंद होतं असं कुठेच दिसलेलं नाही.

शिवाय सगळी २५ मिनिटं सारखी नसतात, आणि हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही. अशा बाळाला धमनीत लाइन असते. छाती दाबली की मॉनिटरवर रक्तदाबाची लाट उठते, आणि आमचं लक्ष त्यातल्या खालच्या आकड्यावर असतं, कारण हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या दोन दाबांच्या मधल्या उसंतीत भरतात. एक वर्षाखालच्या बाळांत तो आकडा २५च्या वर आणि मोठ्या मुलांत ३०च्या वर राहिला तर जास्त मुलं वाचतात, असं २०१८च्या अभ्यासात दिसलं. दाबणारा दमला की नकळत छातीवर रेलतो, छाती पूर्ण वर येत नाही आणि तो आकडा १६-१७ वर येतो. मग मॉनिटरपाशी उभी असलेली सिस्टर ओरडते, 'हात पूर्ण उचला!' दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा तो याचसाठी.

शंटच्या बाळाचं प्रकरण याहून किचकट. शंट म्हणजे साडेतीन-चार मिलिमीटरची नळी, आणि काही बाळांत फुप्फुसांकडे जाणारं जवळपास सगळं रक्त तिच्यातूनच जातं. ती तुंबली तर छाती कितीही उत्तम दाबा, रक्त फुप्फुसांपर्यंत पोचत नाही आणि त्यात ऑक्सिजन मिसळत नाही. ती उघडी असेल तर रक्त त्या बाजूला निसटतं आणि खालचा आकडा मुळातच कमी राहतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून सीपीआर नीट चाललाय का हे एरवी कळतं, पण शंट तुंबलेला असताना तो आकडाही फसवतो. म्हणून अशा बाळांच्या बाबतीत अनुभवी टीम लवकर एक्मोकडे वळते. 'सीपीआर फसला म्हणून एक्मो लावला' असं तुमच्या बहिणीला कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढून टाकायला सांगा.

२०१६च्या एका अभ्यासात दहा मिनिटं किंवा जास्त सीपीआर लागलेली मुलं पाहिली. एक्मोवर घेतलेल्यांपैकी ४० टक्के घरी गेली, नुसत्या सीपीआरवर राहिलेल्यांपैकी २७ टक्के. मेंदूची स्थिती चांगली असलेली अनुक्रमे २७ आणि १८ टक्के. यात एक मेख आहे: कुणाला एक्मो द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, ते डॉक्टरांनी ठरवलं होतं. त्यामुळे सगळा फरक मशीनचाच असं म्हणता येत नाही.

एक्मो काहीही बरं करत नाही, तो सवड देतो. त्या सवडीत हृदय का थांबलं हे शोधायचं असतं: इको (हृदयाची सोनोग्राफी), गरज पडली तर कॅथ (रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन केलेली तपासणी), शंट तपासणं. कारण सापडून दुरुस्त झालं तर काही दिवसांत हृदय जोर धरतं. कारण न सापडता दिवस वाढत गेले तर रक्तस्राव, जंतुसंसर्ग, किडनीचा त्रास यांचा धोका वाढतो. दोन्हीकडचे लोक घरात भांडतायत, पण पुढचा निर्णय या शोधातून काय निघतं त्यावरच ठरेल.

मेंदूचं. या वयात टाळू उघडी असते, त्यामुळे पलंगाजवळच सोनोग्राफी करून आत रक्तस्राव आहे का हे वरचेवर बघता येतं. ईईजी (मेंदूच्या लहरींची नोंद) लावलाय का ते विचारा, कारण गुंगीच्या आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधांमुळे झटके आले तरी अंग हलत नाही. त्याच कारणाने 'डोळे उघडत नाही, बोट धरत नाही' यावरून आत्ता काहीच अर्थ काढू नका. आजी रोज काचेतून हेच बघून रडत असतील, तर त्यांना हे समजावून सांगा. ताप येऊ देत नाहीत ना, हे महत्त्वाचं. शरीर मुद्दाम ३३ अंशांपर्यंत थंड करण्याची पद्धत हॉस्पिटलमधल्या अरेस्टच्या मुलांवर तपासली गेली, २०१७ साली निकाल आला आणि नेहमीचं तापमान राखण्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. तेव्हा 'थंड का केलं नाही' म्हणून डॉक्टरांशी वाद घालू नका. एमआरआय एक्मो निघाल्यावरच.

वर ज्या २०१३च्या अभ्यासाबद्दल लिहिलं, त्यात वाचलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश मुलांची मेंदूची स्थिती चांगली नोंदवली होती. पण ही मोजपट्टी जाडीभरडी असते. उशिरा बोलणं, एका हाताची कमजोरी, शाळेत लक्ष न लागणं हे त्यात सापडत नाही, आणि तीन महिन्यांच्या बाळात तर ते दिसायलाच वर्षं जातात. बाळ घरी आलं तर फिजिओथेरपी, कानांची तपासणी आणि विकासाची तपासणी पहिल्या महिन्यापासून सुरू करा, 'दिसतोय तर बरा' म्हणून थांबू नका.

'कुणाचं दुर्लक्ष झालं का?' याचं उत्तर मी इथून देऊ शकत नाही. एवढंच सांगते की अमेरिकेतल्या हार्ट आयसीयूंच्या एका समूहात दाखल झालेल्या दर शंभरात साधारण तिघांना अरेस्ट होतो अशी नोंद होती, म्हणजे चांगल्या ठिकाणीही हे घडतं. मात्र ते कमी करता येतं. जोखमीच्या बाळाच्या पलंगापाशी ठरावीक वेळी सगळ्यांनी जमून 'याचं काय बिघडू शकतं, बिघडलं तर आधी काय करायचं' हे बोलायचं, नळीतला कफ ओढण्याआधी गुंगी द्यायची का ते ठरवायचं, अ‍ॅड्रेनलिन भरून उशाशी ठेवायचं. एवढ्या साध्या गोष्टींनी काही हॉस्पिटलांत अरेस्टचं प्रमाण २.६ वरून १.८ टक्क्यांवर आलं, २०२२ साली ते प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी सीपीआरच्या खास प्रशिक्षणावरचा मोठा प्रयोगही आला: चांगल्या स्थितीत घरी गेलेली मुलं ५३.८ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ५२.४, म्हणजे फरक नाहीच. माझं मत विचाराल तर पैसा आणि माणसं आधी टाळण्यावर लावावीत.

उद्याच्या राउंडला तुमच्या मेव्हण्यांना इतकं विचारायला सांगा: हृदय थांबण्याचं कारण सापडलं का, शंट आत्ता उघडा आहे का, एक्मोचा वेग कमी केल्यावर हृदय स्वतः किती चालतं, टाळूच्या सोनोग्राफीत काय दिसलं, रक्तातलं लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडला की वाढतं ते) किती आहे आणि उतरतंय का. उत्तरं कागदावर लिहून घ्या, कारण बाहेर आल्यावर निम्मं आठवत नाही. मग ती इथे टाका. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की पुढचं बरंच स्पष्ट बोलता येईल.