एकटीने समुपदेशन कक्ष सुरू करताना वाटणारी भीती

खासगी समुपदेशन कक्ष सुरू करू इच्छिणारे तरुण सहकारी भाडे, फी आणि पाटी यांविषयी बोलता बोलता शेवटी एका प्रश्नावर येतात : समोरच्या माणसाने जीव देण्याचा विचार बोलून दाखवला आणि त्या वेळी मी एकटीच असले, तर काय करायचे? बेळगावातील एका महाविद्यालयात समुपदेशक असलेल्या आणि टिळकवाडीत खोली पाहून ठेवलेल्या एका मुलीचा अनुभव, तिच्या संमतीने आणि ओळख पटणारे तपशील बदलून, येथे सांगते.

"मॅडम, कॉलेजात प्राचार्यांना सांगता यायचं, पालकांना बोलावता यायचं. इथे संध्याकाळी सात वाजता मी कुणाला हाक मारू?" असे तिने विचारले. तिची भीती रास्त होती. अनुभवाने ती जाईल, असे सांगून वेळ मारून नेणे मला योग्य वाटले नाही. अशा प्रसंगी करायच्या गोष्टी आधीच, शांतपणे ठरवाव्या लागतात. त्या ठरल्याशिवाय खोलीचा करार करू नकोस, असे मी तिला सांगितले.

त्यानुसार ती शहरातील मनोविकारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटली आणि तातडीचा माणूस पाठवल्यास त्याच दिवशी पाहाल का, असे तिने प्रत्येकाला विचारले. एकांनी नकार दिला, दुसऱ्यांनी होकार देऊन स्वतःचा क्रमांक दिला. जिल्हा रुग्णालय, धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आणि मानसिक आरोग्यासाठी दिवसरात्र मोफत चालणारी टेली-मानसची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवा यांचीही तिने नोंद करून ठेवली. मात्र सीमाभागात एवढ्याने भागत नाही. चंदगडहून आलेला माणूस रात्री महाराष्ट्रात परततो आणि निपाणीकराला दवाखान्यासाठी कोल्हापूर जवळचे वाटते. म्हणून घराजवळचे रुग्णालय कोणते, तेथे पोहोचवणारे वाहन कोणाकडे आहे आणि घरातील कोणाला फोन केलेला चालेल, हे पहिल्याच भेटीत लिहून घ्यायचे ठरले. संकट ओढवल्यावर ही माहिती विचारायला उसंत मिळत नाही.

संमतिपत्र तिने मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत केले, कारण घरी मराठी बोलणारी येथील कित्येक मुले कन्नड माध्यमात शिकलेली असतात. गोपनीयता कोठे संपते, हे त्यात स्पष्ट लिहिले. जिवाला धोका असेल तर आवश्यक तेवढीच माहिती देण्याची मुभा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही आहे, आणि बालकावरील लैंगिक अत्याचार कळल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे पहिल्या दिवशीच तोंडी समजावून सांगितले, तर पुढे विश्वासघात झाल्यासारखे वाटत नाही. पाटीवर तिने केवळ 'समुपदेशक' लिहिले. भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी नसताना 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहिणे गैर आहे, आणि तसे लिहिणारे पाहिले की मला मनापासून वाईट वाटते.

कक्ष सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच एक कर्जबाजारी तरुण शेतकरी आला. जीव द्यावासा वाटतो का, कसा, केव्हा, हे तिने थेट विचारले. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज चुकीचा आहे. उलट बोलायला वाट मिळते. घरात कीटकनाशक आहे, असे त्याने सांगितले. त्याने पहिल्या भेटीत लिहून दिलेल्या क्रमांकावर, त्याच्यासमोरच, तिने थोरल्या भावाला फोन केला, कीटकनाशकाचे डबे घरातून हलवायला सांगितले आणि भाऊ येईपर्यंत ती त्याच्याजवळ बसून राहिली. होकार दिलेल्या डॉक्टरांनी त्याला त्याच संध्याकाळी तपासले.

रात्री तिने मला फोन केला. काय घडले हे आम्ही क्रमाने बोललो, नोंदी पूर्ण केल्या आणि दुसऱ्या दिवशी भावाला फोन करण्याची वेळ ठरवली. दर महिन्याला एका ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर प्रकरणांची चर्चा करणे आता तिच्या कामाचा भाग झाले आहे, आणि त्यासाठीचा खर्च ती भाड्याइतकाच अटळ मानून फी ठरवताना धरते.