विचारा की! : कोण येणार आणि नळ कधी येणार

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सोलापुरात विडी घरकुलात राहते, विड्या वळते. मी सांगायलेय आणि नातू लिहायलाय, चुकलंमाकलं तर त्याचं. जानेवारीत महापालिकेच्या मतदानाच्या आधी आमच्या गल्लीत टीव्हीवाला पोरगा माईक घेऊन आला होता. नेमका नळाचा दिवस, आम्ही सगळ्या घागरी घेऊन दारातच. त्यानं मला विचारलं, "मावशी, यंदा कोण येणार?" मी म्हटलं, "कोण यायचं ते येऊ दे, नळ आता पाच दिवसांनी येणार." सगळ्या हसल्या, तोबी हसला आणि पुढच्या दाराला गेला. रात्री टीव्हीत शेजारणीचं "वारं फिरलंय" तेवढं दाखवलं, माझं नाही. मला राग नाही. पण ह्या लोकांना कोण जिंकणार ह्याचंच एवढं का पडलंय? पाण्याचं कुणी का विचारीना?

उत्तर : अक्का, त्या पोराला ऑफिसातून एक रकाना भरून आणायला सांगितला होता. त्यात पक्षाचं नाव बसत होतं, नळ बसत नव्हता. म्हणून तुम्ही गळलात.

हे मी ठामपणे सांगते, कारण त्याच्या जागी तीस वर्षं मी होते. माझ्या हातात माईक नव्हता, वही होती. महापालिकेचं बीट, म्हणजे तिथल्या बातम्या, माझ्याकडे. इंद्रभुवनाच्या, म्हणजे महापालिकेच्या इमारतीच्या, पायऱ्या मी इतक्यांदा चढले-उतरले की गुडघे आज त्याचा हिशेब मागतात. निवडणूक आली की 'अटीतटीची लढत', 'बंडखोरांनी वाढवली डोकेदुखी', 'मतविभाजनाचा फायदा कुणाला' हे मथळे मी डोळे मिटून दिलेले आहेत.

ती बातमी कशी तयार व्हायची ते ऐका. पार्क चौकात दुपारी चहा, दोन पक्षांचे चार कार्यकर्ते, मग दोन फोन. सहा वाजता कॉपी तयार. अंदाज चुकला तर? काही होत नाही. 'शेवटच्या दोन दिवसांत चक्रं फिरली' असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं. तीस वर्षांत माझा अंदाज चुकला म्हणून एकाही वाचकाचा फोन आला नाही. शब्दकोडं चुकलं की मात्र यायचे.

आता पाण्याची बातमी. एका मे महिन्यात मी हट्टानं ती करायला निघाले. आपल्याकडे पाणी तीन वाटांनी येतं. उजनी धरणातून पाइपलाइननं शंभरावर किलोमीटर चालत पाकणीला. दुसरं भीमा नदीत सोडलेलं, ते औज बंधाऱ्यात अडवायचं, टाकळीहून उचलायचं आणि सोरेगावला शुद्ध करायचं. तिसरं हिप्परग्याच्या तलावातून भवानी पेठेत. कुठंतरी चार तास वीज गेली की टाक्या भरत नाहीत, आणि टाक्या भरल्या नाहीत की सगळ्या शहराचा नळाचा वार एक दिवस पुढं सरकतो. नदीतून येणाऱ्या पाण्याची तऱ्हा आणखी वेगळी. आपल्याला प्यायला लागतं थोडं, पण ते औजपर्यंत पोचावं म्हणून त्याच्या कितीतरी पट पाणी धरणातून सोडावं लागतं, आणि वाटेत दोन्ही काठांना ऊस उभा आहे. हे समजून घ्यायला मला तीन दिवस लागले. नळाला पाणी सोडणाऱ्या एका चावीवाल्याबरोबर पहाटे फिरले. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कुठल्या गल्लीत दाब पडतो, हे त्याच्या मनगटात होतं, कुठल्याही कागदावर नव्हतं.

नऊशे शब्द लिहिले. डेस्कवर त्याचे दोनशे झाले आणि बातमी पान पाचवर टायरच्या जाहिरातीखाली गेली. पहिल्या पानावर त्या दिवशी लीड काय होती? 'उपमहापौरपदाची माळ कुणाच्या गळ्यात?' तीही माझीच होती, अक्का. बायलाइनसकट, वर माझं नाव छापून. घरी पेपर पाठवला तेव्हा मी पान एकच दाखवलं. पाच नाही.

पक्षाच्या माणसांचं म्हणाल तर त्यांची नोकरीच ती आहे. प्रचार कार्यालयात भिंतीला बूथची यादी असते, आणि 'हा बूथ आपल्याला मायनस आहे' हा शब्द दिवसातून पन्नासदा ऐकू येतो. कुठल्या बूथवर मागच्या वेळी किती मतांनी मायनस, हे पोरांना तोंडपाठ असतं. त्यात काही वाईट नाही, ज्याचं त्याचं काम. पण दुसरा एक मायनस बघा. ७ मे २०२४ ला आपल्याकडे लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा उजनी कधीच उण्यात गेली होती, म्हणजे वापरायचं पाणी संपून मृतसाठा सुरू झाला होता. त्या उन्हाळ्यात ती उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरली. धरण एकूण ११७ टीएमसीचं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात मोजतात. आपण तेच पीत होतो. जूनमध्ये निकाल लागला, फरक ७४,१९७ मतांचा. हा आकडा आजही पानटपरीवर कुणालाही विचारा, निदान 'चौऱ्याहत्तर हजार' तरी सांगेल. त्या जूनमध्ये तुमच्या गल्लीत नळ किती दिवसांआड होता, हे कोण सांगेल?

निकालाला तारीख असते, हे त्यातलं खरं दुखणं. सकाळी आठला पेट्या उघडणार म्हणजे उघडणार. आता मशीन असतात, पण आमची जीभ पेट्याच म्हणते. कॅमेरे कुठं लावायचे, गुलाल किती मागवायचा, सगळं आधी ठरवता येतं. पाण्याला अशी तारीख नाही. समांतर जलवाहिनी, म्हणजे उजनीहून दुसरी पाइपलाइन, हा शब्द या शहरानं इतकी वर्षं ऐकला की लहानपणी ऐकणाऱ्या पोरांची लग्नं झाली. त्यात रोज सांगण्यासारखं काही घडत नाही, आणि शेवटी पाइप जोडला गेला तरी हरलेलं तोंड दाखवायला कुणी सापडत नाही. पराभूत नाही तर प्रतिक्रिया कुणाची घ्यायची?

आणि जाब विचारायचा तरी कुणाला? २०१७ पासून आपल्याकडे बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक. पाण्याचं विचारलं की पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवतो, चौथा आयुक्तांकडे.

तुम्ही काय करायचं ते सांगते. माझी एक मावशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नळाच्या दिवशी खडूनं खूण करायची, शेजारी वेळ आणि किती घागरी. दूध आणि गॅस सिलिंडर मांडतात तसंच. वर्षअखेरीला ती कॅलेंडरं फेकायची नाही, गादीखाली ठेवायची. तुम्हीही मांडा. त्याच्याखाली आणखी एक आकडा लिहा : त्या दिवशी विड्या किती झाल्या. नळाच्या दिवशी हजाराच्या सहाशेच होत असतील तर तेही लिहा, कारण पाण्याची ती किंमत आजवर कुठल्याच अंदाजपत्रकात आलेली नाही. नगरसेवक दारात आला की 'पाणी कधी देणार' विचारू नका. त्याचं उत्तर 'लवकरच' असतं आणि ते त्याला झोपेतही देता येतं. कॅलेंडर काढून समोर धरा आणि नातवाला वाचायला सांगा.

प्रश्न : आपण पत्रकारांना फार झोडपता. निवडणूक म्हटली की हार-जीत आलीच. ती चार दिवसांची हौस असते, नंतर कामाच्या बातम्या येतातच की. — निवृत्त बँक कर्मचारी, होटगी रोड

उत्तर : साहेब, हौस मलाही आहे. १६ जानेवारी २०२६ ला महापालिकेची मतमोजणी होती, मी सकाळपासून टीव्हीसमोर कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन बसले होते. आदल्या दिवशी ऐन सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मतदान झालेलं. नंदीध्वज आणि प्रचाराचे भोंगे एकाच रस्त्यावर, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण 'चार दिवसांची' म्हणालात, तिथं अडते. मार्च २०२२ ला आपल्या सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासक होते. एकही नगरसेवक नाही, मतदान नाही, लढत नाही. कामाच्या बातम्या करायला याहून मोकळा काळ कुठला? त्या काळातले पेपर माझ्याकडे आहेत, रद्दीवाला दर महिन्याला माझ्यावर चिडतो. 'इच्छुकांची मोर्चेबांधणी', 'आरक्षणाचा निकाल कधी', 'प्रभागरचनेकडे लक्ष', 'कुणाचा पत्ता कट होणार'. घोडे नव्हते तरी शर्यत चालूच होती. अंदाजपत्रक कुठल्याही चर्चेविना मंजूर होतंय, याची बातमी यायची, पण एका दिवसापुरती.

आणि तुमच्याच होटगी रोडची गोष्ट. १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांना अडथळा म्हणून पाडली. काही सेकंदांचा धुरळा, पण त्यावर महिना गेला. कोण जिंकलं, कुणाचं नाक कापलं, याचा आता विधानसभेवर काय परिणाम. कारखान्याच्या सभासदांचं दुःख खरं होतं, विमानतळ मागणाऱ्यांची तळमळही खरी होती. दोघांनाही आम्ही दोन पॅनेलं करून टाकलं. चिमणी हाच अडथळा होता ना, मग ती पडल्यावर विमान कधी? गोव्याचं पहिलं विमान उडालं ९ जून २०२५ ला. मधली दोन वर्षं कशात गेली, कुठला परवाना कुठं अडला, हे शोधणारी बातमी त्या धुरळ्याच्या पावपट तरी मोठी आलेली तुम्हाला आठवते का? मला आठवत नाही, आणि मी तेव्हा निवृत्त होऊन फक्त पेपर वाचण्याचंच काम करत होते.

'स्मार्ट सिटी'चंही तसंच. जानेवारी २०१६ ला पहिल्या वीस शहरांची यादी आली, आपण नववे. आम्ही ते क्रिकेटच्या निकालासारखं छापलं. मथळा माझाच होता.

प्रश्न : मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि एका ठिकाणी शिकाऊ म्हणून काम करतो. मला रोज 'कौल कुणाला?' अशी दोन रील करायला सांगतात. नाही म्हटलं तर काम जाईल. मॅडम, काय करू?

उत्तर : कर. रील कर, काम टिकव. पहिल्या वर्षी मीही बंड केलं नाही, आणि बंड करणाऱ्यांपैकी एक जण आता जमिनीचे व्यवहार करतो. बरा चाललाय म्हणे.

फक्त कौलावर स्वतः विश्वास ठेवू नकोस. १ जून २०२४ ची संध्याकाळ आठव. बहुतेक वाहिन्यांचे एक्झिट पोल सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढं, काही तर चारशेला टेकवत होते. ४ जूनला आघाडी २९३ वर थांबली, आणि एकट्या भाजपच्या २४०, म्हणजे बहुमताच्या २७२ च्या खाली. मोठ्या संस्था, मोठे पैसे, हजारो माणसं, तरी एवढं चुकतं. तू सात रस्ता चौकात सहा माणसांना विचारून शहराचा कौल सांगणार?

माईक हातात आहेच, तर 'कोण येणार' झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारत जा : 'मागच्या वेळी मत दिलंत, त्यातून काय झालं?' पहिलं उत्तर ऑफिसला दे, दुसरं स्वतःकडे ठेव. महिन्याभरात शंभर उत्तरं होतील. ती वॉर्डाप्रमाणे लाव. मग पालिकेचं अंदाजपत्रक काढ. जाड असतं, कंटाळवाणं असतं, पहिल्यांदा काही कळत नाही. ज्या कामाची लोक तक्रार करतात त्याला गेल्या तीन वर्षांत किती तरतूद झाली आणि प्रत्यक्ष खर्च किती, एवढे दोनच रकाने बघ. तरतूद दरवर्षी तीच आणि खर्च दरवर्षी शून्याजवळ, असं एखादं काम सापडलं की तुझ्याकडे बातमी आहे. आकडे पुस्तकात मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज टाक, दहा रुपये लागतात. तीस दिवसांची मुदत आहे, त्यामुळं निवडणुकीच्या तोंडावर टाकू नकोस, आत्ता टाक. आता कुणाचं लक्ष नाही.

आणि चावीवाल्याला भेट. त्याचं नाव कुठंही छापू नकोस, चेहरा दाखवू नकोस, त्याची नोकरी तुझ्या रीलपेक्षा महाग आहे. आधी नुसता चहा पाज. तो पहाटे साडेतीनला दत्तनगरच्या कोपऱ्यावर ये म्हणाला, तर साडेतीनलाच जा. पावणेचारला तो पुढच्या व्हॉल्व्हवर गेलेला असतो.